विनोदी कविता मोजायची कशी: वृत्त, यमक आणि परत परत येणारे शब्द

विनोदी कवितेवर लिहायला बसलं की बहुतेक जण एक तर "कवीने मिश्कील शैलीत" वगैरे लिहून मोकळे होतात, नाहीतर लघु-गुरु मोजत सुटतात आणि वृत्ताचं नाव सापडलं की पेन खाली ठेवतात. मी दुसऱ्या गटातला. कॉलेजात असताना एका विनोदी कवितेवर चार पानं लिहिली होती, प्रत्येक ओळीचे गण (तीन-तीन अक्षरांचे गट) पाडलेले, यमकांची यादी, अनुप्रास सगळा अधोरेखित, आणि सरांनी शेवटी लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता, "मग?" राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. एवढं मोजलं, पण हसू कुठून आलं ते चार पानांत कुठेच नव्हतं.

तेव्हापासून मी उलटं करतो. आधी कविता मोठ्याने वाचायची, मनात नाही, मोठ्याने, आणि जिथे हसू आलं किंवा नुसता ओठाचा कोपरा हलला तिथे पेन्सिलने फुली मारायची. मोजणी त्यानंतर, आणि तीही त्या फुलीपाशी काय घडतंय ते बघण्यासाठी. बाकी ओळी मोजायच्याच, पण त्या कशासाठी मोजतोय ते माहीत असतं. नाहीतर नुसती आकडेमोड होते.

दुसऱ्याची कविता घेण्यापेक्षा माझीच एक देतो, म्हणजे नावं ठेवायला मोकळीक राहील.

मला झोप आली, दिवा मालवीला
कुठूनी तरी डास कानाशि आला
उठोनी दिवा लावला, तो पळाला
दिवा मालवीला, पुन्हा तोच आला

पुन्हा मी उठोनी बघे, तो दिसेना
तयाचे परी गान काही सरेना
उशी फेकली नेम साधून जेव्हा
दिवा फूटला, डास तैसाच तेव्हा

फार ग्रेट नाही, पण कामाला येईल. माझी फुली अर्थातच शेवटच्या ओळीवर होती, "दिवा फूटला" पाशी.

आता मोजणी. शाळेत शिकलेलं बरंचसं विसरलेलं असतं म्हणून पटकन सांगतो. अ, इ, उ, ऋ हे ह्रस्व स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं गुरु, दोन मात्रा. अक्षरावर खणखणीत उच्चारला जाणारा अनुस्वार असेल किंवा पुढे विसर्ग असेल तर ते गुरु, आणि पुढे जोडाक्षर आलं नि त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडत असेल तर तेही गुरु. ओळीच्या शेवटचं लघु अक्षर गरज पडली तर गुरु धरतात. मी लघुला "ल" आणि गुरुला "गा" लिहितो, कारण मग ती ओळ गुणगुणता येते, चिन्हं काढली की डोळ्याला दिसतं पण कानाला काही कळत नाही.

पहिली ओळ पाडू. म ल, ला गा, झो गा. प ल, आ गा, ली गा. दि ल, वा गा, मा गा. ल ल, वी गा, ला गा. म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा. लगागा म्हणजे य गण (शाळेत पाठ केलेला "यमाचा" हा शब्द आठवा), चार य गण म्हणजे भुजंगप्रयात, बारा अक्षरं, वीस मात्रा. आठही ओळी अशाच बसतात, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाडून बघा, कारण अडचणी तिथेच भेटतात.

पहिली अडचण "पुन्हा" या शब्दाची. पुढे जोडाक्षर आहे म्हणून पु गुरु करून टाकला की चौथी आणि पाचवी ओळ मोडलीच. पण "पुन्हा" म्हणताना आपण पु वर जोर देत नाही, न्हा एका झटक्यात येतो, म्हणून पु लघुच राहतो. म्ह, न्ह, ल्ह, व्ह यांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा होतं, आणि लोक इथे फार गोंधळतात, तर साधा उपाय म्हणजे तो शब्द तोंडाने म्हणायचा आणि आधीच्या अक्षरावर ठोका बसतो का ते ऐकायचं. "छत्री" म्हणा, ठोका बसतो. "पुन्हा" म्हणा, नाही बसत.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. दुसऱ्या ओळीत "कानाशि" असं ह्रस्व लिहिलंय, शेवटच्या ओळीत "फूटला" असं दीर्घ. ह्या टायपिंगच्या चुका नाहीत, वृत्तासाठी घेतलेली सूट आहे. जुन्या कवितांत ही सर्रास दिसते, आणि हल्ली मोबाईलवर कविता टाईप केली की ऑटोकरेक्ट "कानाशि"चं "कानाशी" करून ओळीचा पाय मोडून ठेवतो. म्हणून इंटरनेटवरून कॉपी केलेल्या कवितेत एखादी ओळ लंगडत असेल तर कवीला शिव्या घालण्याआधी छापील प्रत बघावी.

तिसरी म्हणजे बोलताना आपण "डास" एका दमात डास् असा म्हणतो, शेवटचा अ गिळतो. वृत्तात तो गिळायचा नाही. डा आणि स ही दोन अक्षरं, स लघु. वृत्त मोजताना बोलण्यातली सवय बाजूला ठेवायची, हे एवढं जमलं की निम्म्या चुका जातात.

बरं, भुजंगप्रयात सापडलं. इथेच माझं कॉलेजातलं रसग्रहण संपलं असतं. पण विचारायचं हे की हेच वृत्त का? मराठी वाचणाऱ्याच्या कानात भुजंगप्रयात बसलेलं असतं ते रामदासांच्या मनाच्या श्लोकांमुळे. लहानपणी पाठ केलेलं असतं, निदान ऐकलेलं तरी असतंच. त्यामुळे लगागा लगागा सुरू झालं की कान आपोआप ताठ होऊन बसतात, आता काहीतरी चांगलं वागायला सांगणार अशी तयारी होते, आणि येतो कोण तर डास. विनोदाचा अर्धा भाग पहिल्या ओळीच्या चालीतच पेरला गेलाय, शब्दांत अजून काहीच गंमत नाहीये. हेच आठ ओळींचं म्हणणं गद्यात सांगून बघा: झोपलो होतो, डास आला, उठलो, पळाला, परत आला, उशी मारली, दिवा फुटला. कोणी हसणार नाही, फार तर जाळी लाव म्हणतील.

विडंबन असेल तर हा प्रश्न अजून महत्त्वाचा. केशवकुमार या नावाने आचार्य अत्र्यांनी विडंबनं लिहिली, तशा प्रकारची कविता हातात आली की मूळ कविता शेजारी ठेवल्याशिवाय मोजायलाच बसू नये, कारण तिथे वृत्त उसनं घेतलेलं असतं आणि सगळी गंमत त्या उसनवारीत असते.

आता मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारा भाग, म्हणजे ओळ कुठे थांबते ते. पुस्तकी भाषेत यति. काही वृत्तांत ती ठरलेली असते, मंदाक्रांतेत सतरा अक्षरं चार, सहा, सात अशी तुटतात. आपण मात्र नियमाचं न बघता प्रत्यक्ष वाचताना श्वास कुठे घेतो ते बघायचं. प्रत्येक ओळीत सहाव्या अक्षरानंतर एक उभी रेघ मारा, म्हणजे बरोबर मध्ये. पहिली ओळ: मला झोप आली | दिवा मालवीला. रेघ शब्दांच्या मध्ये पडली, दोन्ही अर्धे शांत, समान, झोपायला आलेल्या माणसासारखे. दुसरी ओळ: कुठूनी तरी डा | स कानाशि आला. रेघ डासाच्या अंगावरून गेली! ओळीचे दोन सरळ अर्धे पडत होते, ते डासाने येऊन मोडले. तिसरी ओळ पण मध्ये तुटत नाही, "उठोनी दिवा लावला" पर्यंत धावत जाते, कारण माणूस धावतोय. चौथी परत शांत: दिवा मालवीला | पुन्हा तोच आला, सहा आणि सहा.

आता चौथी आणि आठवी एकाखाली एक लिहा.

दिवा मालवीला, पुन्हा तोच आला
दिवा फूटला, डास तैसाच तेव्हा

दोन्ही कडव्यांच्या शेवटच्या ओळी, दोन्हींची सुरुवात "दिवा" ने. कानाला वाटतं, आता सहा अक्षरांनंतर थांबायचं, तसं आधी झालंय ना. पण "दिवा फूटला" पाच अक्षरातच संपतं. एक अक्षर आधीच खट्ट. दिवा जसा अपेक्षेच्या आधी फुटतो तसं वाक्य पण. आणि त्यानंतर सहाव्या-सातव्या अक्षराला कोण बसलंय? डा, स. दुसऱ्या ओळीत डास ज्या जागेवर होता, सहावं आणि सातवं अक्षर, अगदी त्याच जागेवर. "डास तैसाच" म्हणजे शब्दशः तसाच, तिथेच.

हे मी ठरवून केलं का? अजिबात नाही. वृत्तात बसवता बसवता झालं आणि पाचसहा वेळा वाचल्यावर दिसलं. म्हणून "कवीने जाणीवपूर्वक" हे शब्द लिहिताना जरा जपून. "इथे असं होतं आणि त्यामुळे असं वाटतं" एवढं लिहिलं तरी पुरे, कवीच्या डोक्यात शिरायची गरज नाही.

यमक. यमक म्हणजे फक्त शेवटचं अक्षर सारखं असणं नाही. त्याच्या आधीचा स्वरही जुळला तर कानाला ते पक्कं वाटतं. "पळाला" आणि "आला" पक्कं, आ-ला दोन्हीकडे आहे. पण "मालवीला" आणि "आला" यांत फक्त ला जुळतो, म्हणजे माझं पहिल्या ओळीचं यमक ढिलं आहे, कबूल. पहिल्या कडव्यात चारही ओळी ला वर संपतात, म्हणजे रात्र पुढे सरकतच नाही, तेच ते तेच ते. दुसऱ्या कडव्यात दोन-दोन ओळींच्या जोड्या झाल्या, ना-ना, व्हा-व्हा, आणि वेग वाढला. अक्षरांनी लिहायचं तर अअअअ बबकक. हे एवढं लिहून थांबू नका, योजना बदलली तिथे गोष्टीत काय बदललं ते लिहा. इथे माणसाचा संयम संपला.

विनोदी कवितेत यमकाचे दोन स्वभाव असतात असं माझं मत. एक म्हणजे आधीच ओळखू येणारं. "दिसेना-सरेना" तसलं, दोन्ही क्रियापदं, दोन्हीला ना लावला की झालं, यात कष्ट नाहीत आणि गंमतही नाही, ते फक्त ओळ पुढे ढकलतं. दुसरं म्हणजे जे दोन असे शब्द एकत्र आणतं की जे एका वाक्यात कधी भेटलेच नसते. "नीट" आणि "डिलीट" घ्या. एक घरचा, एक कॉम्प्युटरमधला, आणि कान म्हणतो अरे हे तर भाऊ भाऊ. ओढूनताणून आणलेलं यमक गंभीर कवितेत दोष असतं, विनोदी कवितेत बऱ्याचदा तोच विनोद असतो, फक्त कवीला ते ताणलेलं आहे हे माहीत आहे असं दिसायला हवं. ते कसं ओळखायचं? ताणलेलं यमक फुलीपाशी आलं असेल तर बहुतेक मुद्दाम, आणि जिथे कोणालाच हसू येत नाही अशा मधल्याच ओळीत आलं असेल तर बहुतेक नाईलाज.

माझ्या "जेव्हा-तेव्हा" चं काय? दोन बाजू आहेत. "जेव्हा" आलं की मराठी कान "तेव्हा" ची वाट बघतोच, त्यामुळे उशी हवेत असताना वाक्यही हवेत लटकतं, ते चांगलं झालं. पण "तेव्हा" ओळीच्या पार टोकाला गेलाय, तिथे त्याला अर्थाचं काही काम नाही, तो फक्त यमकासाठी उभा आहे. भरतीचा शब्द. अशी शंका आली की तो शब्द झाकून ओळ वाचायची. "दिवा फूटला, डास तैसाच", अर्थ पूर्ण. म्हणजे भरतीच.

आणि एक, हे जरा जास्तच खोलात जाणं होईल पण राहवत नाही: "पळाला" या शब्दात शेवटी "आला" ऐकू येतो. पळाला म्हणताना पण तो आलाच.

आता पुनरावृत्ती. इथे लोक काय करतात, तर परत आलेले शब्द अधोरेखित करतात आणि "यामुळे नाद निर्माण होतो" लिहितात. नाद कुठे नाही? पुनरावृत्ती बघताना दोन रंगाची पेनं घ्या. एकाने जे तसंच परत आलं ते, दुसऱ्याने जे परत येताना बदललं ते. विनोदी कवितेत दुसरा रंग जिथे दिसेल तिथे लक्ष द्यायचं. आपल्या कवितेत "दिवा" चार वेळा आहे: मालवीला, लावला, मालवीला, फूटला. तीन वेळा विझव-पेटव-विझव, कानाला सवय लागली की याचं पुढे हेच होणार, आणि चौथ्या वेळी क्रियापद बदललं. हसू त्या बदलाला आलं. आधीचे तीन नसते तर चौथा नुसता अपघात झाला असता, म्हणून पहिल्या तीन दिव्यांना कंटाळवाणं म्हणून सोडून देऊ नका, ते पंचलाईनचं भाडं भरतायत.

अजून एक चटकन न दिसणारं: "मला झोप आली", "डास आला", "तोच आला". झोप आणि डास दोघांनाही एकच क्रियापद. आणि "डास" हा शब्द अख्ख्या कवितेत फक्त दोनदा, मध्ये सगळीकडे नुसता "तो". दिसत नाही ना, मग नाव पण नाही. म्हणजे काय परत आलं यासोबत काय परत यायला हवं होतं पण आलं नाही हे पण बघायचं. कवितेला पालुपद असेल तर काम सोपं आहे, प्रत्येक वेळी पालुपदाच्या आधीची ओळ काय आहे ते तपासा, शब्द तेच राहून अर्थ फिरतो तो तिथे.

वृत्त नसलेली किंवा मात्रांवर चालणारी कविता असेल तर गण पाडत बसू नका. माधवराव पटवर्धनांनी (कवी माधव जूलियन) पद्याचे छंद, जाती आणि वृत्त असे वर्ग केले, ते डोक्यात ठेवलं की निम्मी मेहनत वाचते: छंदात अक्षरांची संख्या, जातीत मात्रा, वृत्तात लघु-गुरुंचा क्रम. आर्येसारख्या रचनेत अक्षरं कमीजास्त होतील पण मात्रा १२, १८, १२, १५ अशा यायला हव्यात. साध्या विनोदी ओळी बऱ्याचदा आठ मात्रांच्या ठेक्यावर असतात. हे बघा:

छत्री नेली, पाउस नव्हता
छत्री नव्हती, पाउस होता

टाळी वाजवत म्हणा. छ इथे गुरु, त्री गुरु, ने, ली, झाल्या आठ. पाउस मध्ये उ ह्रस्व घेतलाय म्हणून चार, "नव्हता" मध्ये पुन्हा तो व्ह, न वर ठोका नाही, म्हणून एक, एक, दोन, चार. परत आठ. दोन्ही ओळी मिळून बत्तीस मात्रा, पण वेगळे शब्द मोजले तर किती? छत्री, पाउस, नेली, नव्हता-नव्हती, होता. पाचच. आणि "नव्हता" म्हणजे तरी "होता" चंच नाही म्हणणारं रूप. इथे यमक, ठेका आणि पुनरावृत्ती वेगवेगळ्या दाखवताच येत नाहीत, एकाच गोष्टीला तीन नावं आहेत. अशा वेळी तीन वेगळे परिच्छेद पाडायचा हट्ट सोडावा.

लिमरिक, म्हणजे इंग्रजीतला छोटा विनोदी कविताप्रकार, हातात आलं तर पाच ओळी, पहिली-दुसरी-पाचवी एका यमकाची, तिसरी-चौथी आखूड आणि दुसऱ्या यमकाची. इंग्रज कवी एडवर्ड लिअरने १८४६ साली अशा कवितांचं पुस्तक काढलं, त्याच्या बऱ्याच लिमरिकांत शेवटच्या ओळीचा शेवट पहिल्या ओळीच्याच शब्दावर होतो. आज आपल्याला पाचव्या ओळीत झटका लागतो, त्यामुळे लिअर जरा फिका वाटतो, पण तिथे गंमत फिरून त्याच जागी येण्यातच आहे. म्हणजे पुनरावृत्तीची अपेक्षा प्रकारानुसार बदलते, एकाच पट्टीने सगळं मोजू नये.

शेवटी तपासणी, म्हणजे शब्द बदलून बघणे. ज्या गोष्टीमुळे हसू येतं असं तुम्हाला वाटतंय ती काढून टाका आणि ओळ परत वाचा. मला वाटत होतं की पाच अक्षरांचा तो अचानक थांबा महत्त्वाचा, म्हणून मी "दिवा फोडिला मी, परी डास आहे" असं करून पाहिलं. लगागा चार वेळा, वृत्त अगदी शुद्ध, थांबा सहाव्या अक्षरानंतर, आणि गंमत पार गेली. फोडिला मी म्हटल्यावर माणूस कबुलीजबाब देतोय असं वाटतं. अर्थात मी इथे थांबा आणि क्रियापद दोन्ही एकदम बदलले, यमक पण गेलं, म्हणजे परीक्षा तितकी चोख नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मीच मोडला. "दिवा फूटला तो, परी डास आहे" असं केल्यावर फक्त थांबा आणि शेपूट बदलतं, आणि तरी ओळ बसकी होते, तेव्हा कुठे मला माझ्या म्हणण्याची खात्री पटली.

आणि एकदा दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा, कागद हातात न देता. मी घरी वाचून दाखवली तर शेवटच्या ओळीला साधं हूं आलं, हसू आलं ते सहाव्या ओळीला, "तयाचे परी गान" ला, डासाच्या आवाजाला गान म्हटलं म्हणून. मी तिकडे बघितलंच नव्हतं. तयाचे, परी, गान, तीनही शब्द जुन्या भारदस्त कवितेतले, आणि वृत्त पण तेच, म्हणजे पहिल्या ओळीत चालीने जे केलं ते इथे शब्दांनी केलंय. आता सहाव्या ओळीपुढे पण एक फुली आहे आणि ती ओळ पहिल्यापासून पाडायची आहे.